टकटक की ठकठक

त्या सकाळी गॅरेजच्या फाटकात एक जुनी हिरवी गाडी येऊन थांबली ती अर्धी आत आणि अर्धी रस्त्यावर. मागे हॉर्नचा एकच कल्लोळ उडाला. चालवणारी मात्र शांतपणे खाली उतरली, मागच्यांना हातानेच ‘जरा दमानं’ म्हणाली आणि फाटकाशी फडक्याला हात पुसत उभ्या असलेल्या माणसाला तिने विचारलं, “इथे कानसेन कोण आहेत? पेट्रोल पंपावर सांगितलं, दुसऱ्या कुणाला दाखवू नका, आधी त्यांना ऐकवा.”

“मीच,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याने मान जराशी डावीकडे वळवली.

ही मान वळवण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर, कानसेन हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण पंधरा वर्षांत खऱ्या नावाने त्याला कुणी हाक मारली असेल तर शपथ. इतर मेकॅनिक आधी पाना उचलतात, हा आधी कान द्यायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ डाव्या कानापुढच्या हाडावर दाबायची, डोळे मिटायचे... आणि मिनिटभराने दुखणं सांगायचं. भल्याभल्यांनी दोन दिवस खोलून शोधलेलं हा न खोलता सांगून मोकळा व्हायचा. गाणं कळणारा तो गवयांचा कानसेन, हा गाड्यांचा.

आणि गेले दोन महिने त्याचा तोच डावा कान बंद होता.

कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं त्याने. आधी वाटलं सर्दी असेल, मग वाटलं अंघोळीचं पाणी गेलं असेल. मग एक दिवस समोर बसलेल्या काकांकडे त्याची नजर गेली आणि त्याने ती पटकन वळवली. गॅरेज काकांचं. काका-काकूंनीच त्याला लहानाचा मोठा केलेला. चाळीस वर्षं पत्रा ठोकून ठोकून काकांचे कान गेले, आधी डावा, मग उजवा. आता ते फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे, समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे आणि स्वतः एवढ्या मोठ्याने बोलायचे की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं दचकायची. कानाचं मशीन लावा म्हटलं की म्हणायचे, आता ऐकायचं राहिलंय काय. काकू गेल्यापासून तर तो विषयच बंद होता. आपलीही हीच वाट, असं कानसेनने मनाशी धरलं होतं. कान म्हणजे त्याचं पोट. कान गेला तर उरणार काय, नुसता सेन.

“काय त्रास देतेय?” त्याने विचारलं.

टकटक, असं ती म्हणाली. थांबलं की हळू, वेग घेतला की जोरात, आठ दिवस झाले. काल तिच्या दादाने ऐकलं आणि सरळ भंगाराची वाट दाखवली. पण गाडी होती बाबांची. बाबांची नजर कमी झाली म्हणून आता ती चालवत होती. तरी रोज संध्याकाळी ती घरी पोचली की बाबा खाली उतरायचे, बॉनेटवर हात ठेवायचे आणि आधी गाडीची चौकशी करायचे, मग लेकीची. एवढं सांगून ती थांबली आणि गाडीकडे बघत म्हणाली, “त्यांना काय सांगू मी?”

कानसेनने गाडी सपाट जागी घेतली, इंजिन बंद केलं आणि वर गेलेलं तेल खाली उतरेपर्यंत दम धरला. मग ऑइलची पट्टी ओढून काढली, पुसली, परत आत घातली, परत काढली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं. म्हणजे तेल भरपूर होतं, तिकडे बघायचं कारण नव्हतं. त्याने इंजिन चालू केलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मूठ नेली ती डाव्याच कानाकडे. कान बंद झाला म्हणून सवय थोडीच बंद होते. बाहेरचं काही नीट ऐकू येत नव्हतं, पण मुठीतून येणारा आवाज डोक्यात कसा घुमत होता, जड, खोलवरचा.

“ठकठक आहे,” तो म्हणाला. “अगदी खालून येतेय. आतलं बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवावं लागेल, आणि या वयाच्या गाडीला... दादा म्हणतात ते चूक नाही.”

तिचा चेहरा उतरला. पण लगेच कपाळावर एक बारीकशी आठी आली.

“ठकठक?” ती म्हणाली. “टकटक आहे ही.”

“मॅडम, तेच ते.”

“तेच ते कसं? ट वेगळा, ठ वेगळा.”

त्याच्या कानाशी आजवर कुणी हुज्जत घातली नव्हती. त्याला रागही आला आणि गंमतही वाटली. एवढा तयार कान कुठून आणलात, असं त्याने विचारलं. तर ती म्हणाली, “कानाच्या दवाखान्यात असते मी. लोकांना ट आणि ठ वेगळे ऐकू येतात की नाही, दिवसभर तेच तपासते.”

चोराच्या मनात चांदणं. त्याने वळवलेली मान झटकन सरळ केली. मग वाटलं, सरळ केलेली तिने बघितली असणार, म्हणून परत वाकडी केली. आणि गाडी इथेच राहू द्या, संध्याकाळी सांगतो, असं काहीतरी पुटपुटून तो बॉनेटखाली तोंड लपवून उभा राहिला. ती रस्त्याच्या वळणावर गेली, थांबली, मागे वळून बघितलं. गाडीकडे की आपल्याकडे, हे त्याला ठरवता आलं नाही.

ती गेली, पण तिचा तो ‘ट’ काही गेला नाही. कानसेन इंजिनाभोवती फेऱ्या मारत राहिला. शेवटी काका खुर्चीवरून उठले. काका बहिरे, पण त्यांचा तळहात बहिरा नव्हता. त्यांनी चालू इंजिनाच्या वरच्या झाकणावर हात ठेवला, मग खाली ठेवला, मग परत वर.

“वरचं आहे हे,” त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. “झाकणाखालचे तुकडे वाजतायत. तेल पोचत नाहीये तिथे.”

तेल आहे, म्हणून कानसेनने पट्टी नाचवून दाखवली. काकांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, “पट्टी म्हणते ते खरं कशावरून? काढून मोज.”

त्याने खालचा नट काढून डबा लावला. चार लिटर यायला हवं होतं. दोन लिटरसुद्धा धड आलं नाही, आणि आलं ते काळंकुट्ट. मग त्याने अडगळीतून याच जातीच्या गाडीची पट्टी शोधून शेजारी धरली, आणि बघतो तर काय, गाडीतली पट्टी चांगली दोन बोटं लांब. कुठल्यातरी भलत्याच गाडीची. लांब पट्टी खोल जायची, तळाशी उरलेलं तेलसुद्धा तिच्या वरच्या खुणेला लागायचं. इंजिन उपाशी, आणि पट्टी सांगतेय पोट भरलंय. अहो, पण अशा वेळी समोर लाल दिवा लागतो ना? तो लागत असेलही, पण त्याच्यावर कुणीतरी काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती.

मग दिवसभर तो त्या गाडीलाच लागला. वरच्या झाकणाखालचं रबर तडकलं होतं, तिथूनच तेल झिरपून जळत होतं. ते बदललं, फिल्टर बदलला, नवं तेल घातलं, खरी पट्टी बसवली, दिव्यावरची चिकटपट्टी सोलून काढली. चावी फिरवली. टकटक, टकटक... मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मग आवाज मऊ पडत गेला आणि थांबला. काकांनी झाकणावरचा हात काढला आणि मान डोलावली. कानसेनला एवढं हायसं वाटलं की तो तिथेच टायरवर बसला. आणि बसल्यावर त्याच्या मनात आलं, चांगलं इंजिन आज मी भंगारात धाडत होतो. इंजिन सुटलं, पण माझा कान पकडला गेला.

संध्याकाळी ती आली. चालू गाडीशेजारी डोळे मिटून उभी राहिली, कितीतरी वेळ. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते आणि ती हसत होती. पट्टीची हकिकत ऐकून तर तिने कपाळाला हात लावला. जुनी पट्टी तुटली तेव्हा बाबांनीच कुठूनशी आणून घातली होती, ‘बसली ना, मग हिचीच’ म्हणत. आणि दिवा डोळ्यांत जातो म्हणून चिकटपट्टीही त्यांचीच.

“सांगते त्यांना,” ती म्हणाली, “आजारी नव्हती, भूक लागली होती फक्त.” मग जरा थांबून, “पण सकाळी तुम्ही ठकठक का म्हणालात?”

“सकाळी... इंजिन तापलं होतं.”

तिने त्याच्याकडे गरजेपेक्षा थोडं जास्तच बघितलं. “आणखी एक विचारू? तुम्ही सारखे माझ्या डाव्या हाताला का येऊन उभे राहता?”

झालं. आता सुटका नाही, असं त्याला वाटलं आणि तोंडाला येईल ते तो बोलून गेला. “त्या बाजूने तुम्ही... जास्त छान दिसता.”

ती अशी लाजली की पुढचा प्रश्न विसरली. निदान त्याला तसं वाटलं.

जाताना तिने विचारलं, तेल किती दिवसांनी बघत जाऊ. जुनं इंजिन, थोडं तेल पिणारच, नजर ठेवावी हे खरं. पण आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरतं, हे शेंबडं पोरही सांगेल. कानसेन म्हणाला, “रोज बघितलेलं बरं. मी दाखवेन कसं बघायचं.”

मग काय, दवाखान्यात जायच्या आधी ती रोज सकाळी हजर. पट्टी काढायची, पुसायची, घालायची, परत काढायची. पहिली खूण खोटी, दुसऱ्यांदा काढल्यावरची खरी, हे त्याने तिला शिकवलं. पट्टी धरताना बोटांना बोटं लागायची, फडकं देताना दोघांचेही हात काळे व्हायचे, आणि त्या काळ्या हाताने एकदा तिने गालावरची बट मागे सारली तर दिवसभर दवाखान्यात गालावर तेलाचा डाग घेऊन फिरली. दुसऱ्या दिवशी जाब विचारला, सांगितलं का नाही. तो म्हणाला, शोभत होता.

आवाजांची तर दोघांनी देवघेवच सुरू केली. त्याने तिला पट्ट्याची किरकिर, चाकाची घरघर, सैल पत्र्याची खडखड शिकवली. तिने त्याला सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना आधी स आणि श ऐकू येईनासे होतात आणि लोकांना वाटतं ते हट्टी झाले. हे ऐकताना त्याची नजर फाटकाशी बसलेल्या काकांकडे गेली होती. आणि खुर्चीवरून काका रोज एकदा गर्जायचे, “तेल आठवड्यातून एकदा बघतात! ही रोज काय बघते?” मग ती आधीच स्वच्छ असलेली पट्टी पुन्हा घासून घासून पुसत बसायची आणि तो नसलेला पाना शोधायला आत जायचा.

दहाव्या दिवशी ती म्हणाली, चढावर काहीतरी वेगळं वाजतं, एकदा चालवून बघा. दोघं चक्कर मारायला निघाली. तो चालवायला, ती त्याच्या डावीकडे. त्याच्या त्या बाजूला. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि वायपर किरकिरत होता. चढावर काहीच वाजलं नाही. वाजणार नव्हतंच, पण ते त्याला काय ठाऊक. परत येऊन फाटकाशी गाडी थांबली तेव्हा इंजिन इतकं शांत होतं की चालू आहे हे कळू नये. ती समोर बघत होती, काचेतून, पावसाकडे. आणि समोर बघता बघताच ती काहीतरी बोलली.

त्याच्या कानावर पडली ती नुसती गुणगुण. एक शब्द लागेल तर शपथ. परत बोला, असं म्हणायला हवं होतं, एवढंच. पण कानवालीला ‘परत बोला’ म्हणायचं म्हणजे आपणहून पकडलं जायचं. निघाल्यापासून ती वायपरची तक्रार करत होती, तेच असणार, असा त्याने अंदाज बांधला.

“ते आता जुनं झालं,” तो म्हणाला. “बदलून टाका.”

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “बदलून टाकू?” हे मात्र त्याला ऐकू आलं.

“हो. उगाच ओढत बसून काय उपयोग.”

ती “बरं” म्हणाली. उतरली, वळसा घालून चालवायच्या बाजूला आली, आणि पट्टी न बघताच गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी कानसेनने एका गाडीला दुसऱ्याच गाडीचा पट्टा चढवला, तेव्हा काकांनी त्याला समोर बसवलं.

“आता का तोंड पाडून बसलास?” काका म्हणाले. “तूच नाही म्हणालास ना तिला?”

“मी? कशाला नाही म्हणालो?”

काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू बहिरा तो आणि ऐकणारे आपण. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी ते वळचणीखाली बसले होते, गाडी समोर होती, आणि वायपरने काच पुसली की तिचे ओठ स्वच्छ दिसत होते. ती म्हणाली होती, तेलाचं नुसतं निमित्त आहे, मी तुमच्यासाठी येते.

“आणि तू काय म्हणालास?” काकांनी विचारलं. “जुनं झालं, बदलून टाका. मला वाटलं, तुला नको असेल. मी कशाला मध्ये तोंड घालू?”

कानसेनने दोन्ही हातांनी डोकं धरलं. आणि मग अडीच महिने कुणाला न सांगितलेली गोष्ट त्याने एका ठार बहिऱ्या माणसाला, नुसते ओठ हलवून, आवाज न काढता सांगितली. काका ऐकत राहिले, म्हणजे बघत राहिले. मग बोलले, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हळू बोलले.

“मीही असंच लपवलं होतं. तुझी काकू बोलायची आणि मी नुसतं हो-हो करायचो. नंतर नंतर ती बोलेनाशी झाली. तिला वाटलं, याला ऐकायचंच नाही.” ते हातातला रुमाल घड्या घालत राहिले. “शेवटच्या वर्षी तिचा आवाज कसा होता, मला माहीत नाही रे. तू ऊठ. आत्ता जा.”

तो उठला. दवाखान्यात नंबर लावून, दोन आजोबा आणि एक रडणारं बाळ यांच्यामध्ये बसून राहिला. नंबर आला तेव्हा आत तीच होती, पांढऱ्या कोटात. त्याला बघून तिच्या हातातलं पेन थांबलं, पण आवाज थांबला नाही.

“तक्रार?”

“डावा कान. अडीच महिने झाले. काहीच ऐकू येत नाही.” आणि एका दमात, “त्या दिवशी गाडीत मी वायपरबद्दल बोलत होतो.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर सगळं जागच्या जागी येत गेलं, ती वाकडी मान, ती डावी बाजू, ती ठकठक. “आणि मी,” ती म्हणाली, “दिवसभर लोकांचे कान तपासणारी... मला वाटलं तो नकार आहे.” मग तिने खणातून एक काटा काढला, लोखंडी, दोन पायांचा. तळहातावर आपटला आणि त्याचा दांडा त्याच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. “कुठल्या कानात ऐकू येतंय?”

आवाज येत होता डाव्या कानात. बहिऱ्या कानात, आणि चांगला खणखणीत. असं कसं होईल? हे सांगितलं तर आपलं डोकंही फिरलंय असं वाटेल तिला. सगळं धड आहे असं दिसावं म्हणून तो म्हणाला, “उजव्या.”

तिचा चेहरा पांढरा पडला. तिने काटा खाली ठेवला, कागदावर काहीतरी लिहायला घेतलं, लिहिलं नाही. “नक्की?” तिने विचारलं. “खरं सांगा. बाबांच्या त्या पट्टीसारखं करू नका. रिकामं असेल तर रिकामं म्हणा.”

“डाव्या,” तो म्हणाला. “पण डावा तर गेलाय ना... तिथे कसं ऐकू येईल?”

ती खुर्चीत मागे टेकली आणि तिने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. आतली नस गेली असती तर आवाज चांगल्या कानाकडे गेला असता, तिने सांगितलं. बंद कानात घुमला, म्हणजे नस ठणठणीत आहे, फक्त वाट अडलीय. स्क्रूड्रायव्हर लावलात तेव्हाही हेच झालं, हाडातून आलेला आवाज आत घुमला आणि टकटकची ठकठक झाली. मग तिने दिव्याची नळी लावून त्याच्या कानात पाहिलं. पाहिलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

“काय आहे?” त्याचा जीव टांगणीला लागलेला.

“मळ,” ती म्हणाली. “बूच बसल्यासारखा.”

“मळ?”

“मळ. चार दिवस तेलाचे थेंब घाला, पाचव्या दिवशी धुऊन काढू. तुमचंही तेलच कमी पडलंय.”

अडीच महिने झोप उडालेल्या त्या माणसाला हसावं की रडावं कळेना. त्याने दोन्ही केलं. ती तोंडावर हात धरून हसत होती, आणि तिचेही डोळे भरले होते. शेवटी तो म्हणाला, गाडीत काय म्हणालात ते काकांनी ओठांवरून वाचलं, पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. काकांचं नाव काढताच तिने चेहरा फाइलमागे लपवला.

“आधी कान साफ होऊ दे,” फाइलमागून ती म्हणाली. “बंद कानात बोललेलं एकदा वाया गेलंय माझं.”

तो दारापर्यंत गेला आणि वळला. “तेलाचं निमित्त जुनं झालं होतं, एवढं मात्र मी खरं बोललो.”

चार दिवस काकांनी स्वतः त्याच्या कानात थेंब घातले, मोजून, जीभ दातांत धरून. पाचव्या दिवशी ते त्याच्याबरोबर दवाखान्यात आले. माझाही नंबर लाव, म्हणाले, ऐकायचं काहीतरी राहिलंय असं दिसतंय. तपासणीची खोली काचेची होती. काका बाहेर बाकावर बसले, तो आत.

कोमट पाणी कानात गेलं, भुळुक झालं, आणि डाव्या बाजूचं जग एकदम परत आलं. पंख्याचं भिरभिरणं, कागदाची सळसळ, तिच्या कोटाच्या बाहीचा आवाज. ती श्वास घेते तेही ऐकू येत होतं. तो नुसता ऐकत बसला.

“आता तपासणी,” म्हणत ती त्याच्या डाव्या हाताला बसली आणि ओठ दिसू नयेत म्हणून तिने तोंडापुढे पुठ्ठा धरला. “मी म्हणेन ते तसंच्या तसं परत म्हणायचं. पाट.”

“पाट.”

“पाठ.”

“पाठ.”

“काटा.”

“काटा.”

“ओठ.”

“...ओठ.”

मग तिने पुठ्ठ्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. बाहेर कुणीतरी खोकलं, तेही त्याला ऐकू आलं.

“आता वाक्य,” ती अगदी हळू म्हणाली. “तू मला आवडतोस.”

त्याने डोळे मिटले, इंजिन ऐकताना मिटायचा तसे. “तू मला आवडतेस.”

“चुकलं. मी ‘आवडतोस’ म्हटलं होतं.”

“मी बरोबर म्हणालो.”

“एक काना गाळलास, कानसेन.”

“तुझ्यासाठी तो लागत नाही.”

पुठ्ठा खाली आला. मागे ती होती, लालबुंद, हसणारी. तिने कागद पुढे ओढला, ‘डावा कान’ असं लिहिलेल्या ओळीपुढे ‘उत्तम’ लिहिलं, आणि पेन ठेवून त्याचा हात धरला. नखांत अजून थोडं काळं तेल होतं, पण तिने काही तो सोडला नाही.

पुठ्ठ्यामुळे काकांना तिचे ओठ दिसले नव्हते. पुतण्याचे मात्र काचेतून स्वच्छ दिसले. ते बाकावरून उठले आणि बाकावरच्या सगळ्यांना आणि अख्ख्या दवाखान्याला त्यांनी सांगितलं, “बोलला एकदाचा.”